डब्लिनमधली गेलस्कल आणि 'नवीन बिल्डिंग येतेय' या आश्वासनाबद्दल

तुमचा प्रश्न मला असा समजला. आयर्लंडच्या क्रिटिकल स्किल्स वर्क परमिटवर डब्लिनची ऑफर आहे, जूनपर्यंत यायचंय, मुलगी साडेचार वर्षांची आहे, आणि एजंटनं पश्चिम डब्लिनमधलं एक घर दाखवताना सांगितलंय की रस्त्याच्या टोकाला जी आयरिश माध्यमाची प्राथमिक शाळा आहे तिची सोळा वर्गांची नवीन इमारत मंजूर झालीये, दोन वर्षांत उभी राहील, म्हणून भाडं जरा जास्त आहे. त्यावर विश्वास ठेवून ते घर घ्यावं का, आणि मुळात मराठी घरातल्या पोरीला आयरिश माध्यमात घालणं वेडेपणा तर नाही ना, असं तुम्ही विचारताय.

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे म्हणून आधी देते. वेडेपणा अजिबात नाही, माझी दोन्ही मुलं गेलस्कलमध्ये आहेत (आयरिश माध्यमाच्या शाळेला इथे सगळे गेलस्कल म्हणतात) आणि उद्या परत निवडायची वेळ आली तरी मी तीच निवडेन. पहिल्याचं उत्तर लांब आहे पण सार एवढंच की इमारतीच्या भरवशावर घर घेऊ नका. शाळा आज जशी आहे, प्रीफॅबमध्ये (म्हणजे तयार आणून ठेवलेल्या तात्पुरत्या खोल्यांमध्ये) असेल तर प्रीफॅबमध्ये, तशी आवडली तरच घ्या, कारण तुमची मुलगी आज सगळ्यात लहान वर्गात गेली आणि आठ वर्षांनी सहावी संपवून बाहेर पडली तरी ती इमारत आलेली नसेल ही शक्यता खरी आहे, आमच्याकडे मोठ्या मुलाचं तेच होतंय.

हे कसं होतं ते समजून घ्यायचं तर आधी इथली शाळांची रचना कळायला पाहिजे, आपल्याकडच्यापेक्षा ती फार वेगळी आहे. इथे सरकार स्वतः प्राथमिक शाळा चालवत नाही म्हटलं तरी चालेल. प्रत्येक शाळेला एक पेट्रन असतो, म्हणजे चालक संस्था. दहातल्या जवळपास नऊ प्राथमिक शाळांचा पेट्रन कॅथलिक चर्च आहे, बाकीच्यांमध्ये प्रोटेस्टंट चर्च, एज्युकेट टुगेदर ही सर्वधर्मीय शाळांची संस्था, सरकारी शिक्षण मंडळं वगैरे येतात, आणि बऱ्याच गेलस्कल अन फोरस पात्रूनख्ता या संस्थेकडे आहेत जी १९९३ मध्ये खास आयरिश माध्यमाच्या शाळांसाठीच सुरू झाली. शिक्षकांचे पगार सरकार देतं, दर मुलामागे अनुदान देतं, इमारतीचा पैसाही सरकारच देतं, पण शाळेचा रोजचा कारभार बघतं ते बोर्ड ऑफ मॅनेजमेंट, आणि त्या बोर्डावर पालक असतात, शिक्षक असतात, गावातली माणसं असतात, सगळी बिनपगारी. आता एका बाजूला नोकरी सांभाळून संध्याकाळी मीटिंगला येणारी ही माणसं आणि दुसऱ्या बाजूला डिपार्टमेंट ऑफ एज्युकेशन अँड यूथ या शिक्षण खात्याचं बिल्डिंग युनिट, जे डब्लिनमध्ये नाहीच, टलमोर नावाच्या गावात आहे. पालकांच्या बोलण्यात सारखं येतं बघा, टलमोरकडून काही आलं का, टलमोरनं काय कळवलं. सुरुवातीला मला वाटायचं कोणी व्यक्ती आहे की काय.

नवीन शाळा सुरू होते तेव्हा तिला इमारत नसतेच, हे आधी डोक्यात पक्कं करा. डिपार्टमेंट लोकसंख्येच्या आकड्यांवरून ठरवतं की अमुक भागात नवीन शाळा लागणार, मग पेट्रन कोण होणार यासाठी त्या भागातल्या पालकांची पसंती ऑनलाइन घेतात, आयरिश माध्यम हवं की इंग्रजी हेही त्यातच विचारतात. आणि मग सप्टेंबरमध्ये शाळा सुरू होते कुठेतरी तात्पुरत्या जागेत. कुठल्या जी.ए.ए. म्हणजे इथल्या गेलिक खेळांच्या क्लबच्या खोल्या, कुठल्या पॅरिशचा म्हणजे चर्चचा हॉल, दुसऱ्या शाळेच्या मागचं आवार. पहिल्या वर्षी फक्त ज्युनिअर इन्फंट्सचा म्हणजे सगळ्यात लहान मुलांचा वर्ग, पुढच्या वर्षी त्याच्यावर एक, असं दरवर्षी वर वर वाढत जातं आणि प्रत्येक नव्या वर्गासाठी एक नवा प्रीफॅब येतो. आता प्रत्येक प्रीफॅब येतो तो मुलांच्या खेळायच्या जागेत येतो, दुसरी जागाच नसते. म्हणजे मुलं वाढतात आणि मैदान आक्रसतं. आणि या प्रीफॅबना परवानगीही तात्पुरतीच मिळते, काही वर्षांची, ती संपली की कौन्सिलकडे परत अर्ज.

कायमच्या इमारतीचा रस्ता टप्प्याटप्प्यांचा आहे आणि हे टप्पे तुम्ही नीट लक्षात ठेवा कारण एजंटला पहिला प्रश्न हाच विचारायचाय. आधी जागा. जागा मिळवण्यात लोकल कौन्सिल डिपार्टमेंटला मदत करते, पण जमीन कुणा बिल्डरची असते, किंमत ठरत नाही, रस्ता पोचलेला नसतो, ड्रेनेज नसतं, इथेच वर्षं जातात. मग डिझाइन टीम नेमायची, म्हणजे आर्किटेक्ट, क्वांटिटी सर्व्हेअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, वायरिंग-हीटिंगचे इंजिनिअर, आणि ही टीमसुद्धा टेंडर काढूनच नेमावी लागते. मग स्टेज १, प्राथमिक आराखडा. मग २ए, त्याच आराखड्याचं पक्कं रूप. मग २बी, यात प्लॅनिंग परमिशन, फायर सर्टिफिकेट, अपंगांसाठीच्या सोयींचं सर्टिफिकेट आणि टेंडरची सगळी कागदपत्रं. स्टेज ३ टेंडर. स्टेज ४ प्रत्यक्ष बांधकाम. स्टेज ५ ताबा आणि हिशेब. आता गंमत वाटेल पण कुठल्याही स्टेजला असलेल्या शाळेबद्दल लोक "मंजूर झालीये" असंच म्हणतात आणि ते खोटं नसतं, कारण स्टेज १ मध्ये शिरायलाही मंजुरीच लागते. जाहीर झालेल्या यादीत नाव आलं की लोकल नेता फोटो काढून पत्रक वाटतो आणि पालकांना वाटतं झालंच आता.

प्रत्येक स्टेजचा रिपोर्ट डिपार्टमेंटकडे जातो, ते तपासतात, शंका काढतात, टीम उत्तर देते, परत तपासतात. आणि या सगळ्याच्या मधे गरजा बदलतात. आमच्या शाळेचंच सांगते, नाव लिहीत नाही. आराखडा जवळजवळ पक्का झाला होता, पालकांना शाळेच्या हॉलमध्ये बोलावून ड्रॉइंग दाखवली होती, हॉल म्हणजे तोही शेजारच्या क्लबकडून मागून घेतलेला. आणि मग ठरलं की ऑटिझम असलेल्या मुलांसाठी दोन विशेष वर्ग त्याच इमारतीत घालायचे. ते वर्ग हवेतच, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, डब्लिनमध्ये त्या मुलांच्या पालकांना जागेसाठी ज्या वणवणीला तोंड द्यावं लागतं ते मी मैत्रिणीच्या घरात बघितलंय. पण दोन वर्ग घालायचे म्हणजे त्यांच्या वेगळ्या खोल्या, वेगळं प्रवेशद्वार, बाहेरची सुरक्षित बाग, गाड्यांची वळणाची जागा, म्हणजे आराखडा परत, क्वांटिटी सर्व्हेअरचा अंदाज परत, रिपोर्ट परत. एक स्टेज मागे. कोणाची चूक म्हणायची ही? कोणा एकाची नाही, पण या मुलांची गरज काही त्या दिवशी जन्माला आली नव्हती, ती आधीपासून माहीत होती, मग पहिल्या ब्रीफमध्येच का नव्हती हा प्रश्न मी अजूनही विचारते.

आणि समजा हे सगळं पार पडलं, प्लॅनिंग मिळालं (त्यावर कोणी अपील केलं तर ते वेगळे महिने), टेंडरची कागदपत्रं तयार झाली, तरी खरा खड्डा पुढेच आहे, तो म्हणजे २बी संपून टेंडरला जायची परवानगी, आणि टेंडर होऊन कंत्राटावर सही करायची परवानगी. या दोन जागी काम पूर्ण तयार असतं, फक्त पैसा सोडायचा असतो, आणि पैसा त्या वर्षीच्या कॅपिटल बजेटमध्ये बसला तरच सोडतात. कंत्राटदाराचा दर ठराविक मुदतीपुरताच बांधलेला असतो. मुदत संपली की तो म्हणतो आता या भावात जमत नाही, आणि त्याचंही बरोबर असतं, लोखंड वाढलं, मजुरी वाढली. मग परत टेंडर, परत वाढलेला आकडा, परत बजेटमध्ये बसतंय का बघा. म्हणजे थांबवून पैसे वाचत नाहीत, उलट वाढतात, आणि प्रीफॅबचं भाडं तोवर चालूच राहतं तेही सरकारी तिजोरीतूनच.

हे एखाद्या शाळेचं नशीब नाही. २०२३ च्या वसंतात तर डिपार्टमेंटनं बांधकामाच्या उंबरठ्यावर आलेले ५८ प्रकल्प एकदम थांबवले होते, बजेट पुरत नाही म्हणून. बांधकामाचे भाव चढले होते आणि युक्रेनमधून आलेल्या हजारो मुलांनाही वर्ग द्यायचे होते. त्यावर पालक, मुख्याध्यापक, विरोधी पक्ष सगळे उठले, डॉलमध्ये म्हणजे इथल्या संसदेत चर्चा झाली आणि मग सरकारनं जादा पैसा दिला. पण त्यातून एक गोष्ट सगळ्यांना कळून चुकली की यादीत नाव असणं आणि जेसीबी येणं यात काहीही होऊ शकतं. यात इंग्रजी माध्यमाच्या शाळाही होत्या, हे फक्त गेलस्कलचं दुखणं नाही हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

तरीपण गेलस्कलला त्याचा मार जास्त बसतो असं माझं स्पष्ट मत आहे आणि त्याचं कारण साधं आहे. गावातली जुनी इंग्रजी माध्यमाची शाळा चर्चच्या जमिनीवर असते, तिला कसली का होईना दगडविटांची इमारत असते, तिला हवा असतो वाढीव भाग. गेलस्कल बहुतेक गेल्या पन्नास वर्षांत पालकांनी रेटा लावून सुरू केलेल्या, त्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्या शून्यापासून उभ्या राहतात. म्हणून इमारत लांबली की तिथे पूर्ण शाळाच उघड्यावर असते. देशाच्या घटनेत आठव्या कलमात आयरिश ही राष्ट्रभाषा आणि पहिली राजभाषा आहे, २०२२ पासून युरोपियन युनियनमध्येही तिला पूर्ण दर्जा मिळालाय, आणि त्याच भाषेत शिकणारी पाच वर्षांची पोरं पावसात एका प्रीफॅबमधून दुसऱ्या प्रीफॅबमध्ये धावतात, याचा मला खरंच राग येतो. २०२२ च्या जनगणनेत जवळपास १९ लाख लोकांनी सांगितलं की आम्हाला आयरिश येते, पण शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले फक्त ७२ हजारांच्या आसपास. म्हणजे ही भाषा ज्या जागी रोज तोंडात राहते त्या जागांमध्ये या शाळा आहेत, आणि त्यांना रांगेत उभं करतात. आपल्याकडे मराठी शाळा पट कमी म्हणून बंद पडताना बघितल्यात ना, इथे उलटं आहे, पोरं दारात उभी आहेत आणि भिंती नाहीत. मला ते जास्त लागतं ते बहुतेक त्यामुळेच.

आता प्रीफॅब म्हणजे नेमकं काय ते सांगते कारण आपल्याकडून येताना डोळ्यांसमोर पत्र्याची शेड येते, तसं नाहीये. आत उबदार असतं, लाइट चांगले असतात, आमच्याकडे प्रत्येक वर्गाला आतच टॉयलेट आहे, भिंती मुलांच्या चित्रांनी भरलेल्या. पण पावसाची जोराची सर आली की छतावर एवढा आवाज होतो की बाई बोलायच्या थांबतात, मुलांना सवय झालीये, ती वह्या उघडून चित्रं काढत बसतात सर जाईपर्यंत. हिवाळ्यात सकाळी खिडक्यांच्या आतून पाणी ओघळत असतं, खालची फळी फुगलेली असते. कॉरिडॉर नसतो म्हणून ओले कोट वर्गातच, दाराशी एका दांडीवर वीस-पंचवीस कोट, खाली चिखलाचे बूट, आणि त्याच्याच बाजूला वाचायचा कोपरा. हॉल नाही म्हणून पी.ई. बाहेर, म्हणजे पाऊस आला की पी.ई. नाही, आणि नोव्हेंबरमध्ये किती दिवस कोरडे असतात ते तुम्ही आल्यावर बघालच. सगळ्यात वाईट कशाचं वाटत असेल तर ज्या मुलाला थोडा वेळ शांत एकटं बसायची गरज असते किंवा सपोर्ट टीचरसोबत वेगळं शिकायचं असतं, त्याला खोली नसते. आमच्या शाळेत हे काम बराच काळ कपाटं ठेवायच्या अरुंद खोलीत चालायचं.

आणि तरीही मी मुलं काढली नाहीत, का ते ऐका. शिक्षक. पहिल्या दिवसापासून बाई वर्गात फक्त आयरिश बोलतात, हातवारे, गाणी, चित्रं, तोच शब्द वीस वेळा, आणि ख्रिसमसपर्यंत मूल सूचना समजायला लागतं. बहुतेक गेलस्कलमध्ये पहिली दोन वर्षं म्हणजे ज्युनिअर आणि सीनिअर इन्फंट्स पूर्ण आयरिशमध्ये असतात, इंग्रजी वाचन नंतर सुरू होतं. तुम्हाला भीती वाटेल की इंग्रजी कच्चं राहील, नाही राहत, बाहेर सगळं जग इंग्रजी आहे, टीव्ही इंग्रजी, मैदान इंग्रजी, आठ वर्षांची होईपर्यंत सगळी मुलं बरोबरीला येतात असं मी आमच्या वर्गात तरी बघितलंय. आणि आपल्या मुलांना इथे एक वेगळाच फायदा मिळतो. इंग्रजी शाळेत परदेशातून आलेलं मूल इंग्रजीत मागे असतं आणि बाकीची पुढे. गेलस्कलमध्ये ज्युनिअर इन्फंट्सला बहुतेक आयरिश घरांतली मुलंही आयरिशमध्ये शून्यच असतात, सगळे एकाच रेषेवरून निघतात. माझी धाकटी घरी मराठी, अंगणात इंग्रजी, शाळेत आयरिश बोलते आणि तिच्या डोक्यात त्याचा काही गोंधळ नाही, गोंधळ आजीचा होतो व्हिडिओ कॉलवर जेव्हा ती मधेच आयरिशमध्ये आकडे मोजते.

तसंही आयरिशपासून सुटका नाहीच. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतही आयरिश सक्तीची आहे, बाहेरून आलेल्या मुलांना सूट मिळते ती बारा वर्षांच्या आसपास आलेल्यांना, तुमच्या साडेचार वर्षांच्या मुलीला नाही. मग दिवसातून थोडा वेळ नावडीनं शिकण्यापेक्षा भाषेत राहून शिकलेलं बरं नाही का. अभ्यासाची काळजी वाटते सगळ्यांना, की आपल्याला आयरिश येत नाही मग घरी कसा घेणार. अहो निम्म्याहून जास्त आयरिश पालकांनाही जेमतेमच येते, शाळा ते धरूनच चालते, लहान वर्गात अभ्यास थोडाच असतो, शब्दांचा उच्चार ऐकायला टांगलन नावाची वेबसाइट आहे आणि टीजी४ या आयरिश भाषेच्या वाहिनीवर लहान मुलांचे कार्यक्रम आयरिशमध्ये असतात, कूला४, आमच्याकडे ते लागलेले असतात संध्याकाळी.

एक मात्र बघून घ्या, शाळेचा धर्माबाबतचा पाया. गेलस्कल कॅथलिक असू शकते, सर्वधर्मीय असू शकते. कॅथलिक असेल तर दुसरीत बऱ्याच वेळेला पहिल्या कम्युनिअनची (कॅथलिक मुलांच्या एका धार्मिक विधीची) तयारी चालते, तुमच्या मुलीला त्यात भाग घ्यावा लागत नाही पण त्या वेळात ती काय करणार ते आधी विचारा. आमच्याकडे छान सांभाळून घेतात, सगळीकडे तसं असेलच असं नाही.

आता तुम्ही प्रत्यक्ष काय करायचं. पहिलं म्हणजे त्या शाळेचा रोल नंबर काढा, प्रत्येक शाळेला एक असतो, आकडे आणि शेवटी एक अक्षर. डिपार्टमेंट आपल्या वेबसाइटवर मोठ्या बांधकाम प्रकल्पांची काउंटीप्रमाणे यादी टाकतं आणि त्यात प्रत्येक शाळेसमोर सध्याची स्टेज लिहिलेली असते. तुमची शाळा त्यात शोधा. स्टेज ४ लिहिलं असेल तर घर घ्यायला हरकत नाही, क्रेन दिसेलच. स्टेज ३ असेल तर आशा ठेवा पण जास्त भाडं देऊ नका. त्याच्या अलीकडचं काहीही असेल, साइट ॲक्विझिशन, प्री-स्टेज १, १, २ए, तर एजंटचं दोन वर्षांचं गणित साफ विसरा, मी तर म्हणेन मनात इमारत नाहीच असं धरून चला. दुसरं म्हणजे संसदेच्या वेबसाइटवर शाळेचं नाव टाकून शोधा. पालकांनी मागे लागलं की आपापले टीडी म्हणजे आमदार-खासदार म्हणा, लेखी प्रश्न विचारतात आणि मंत्र्यांचं उत्तर तिथे कायमचं राहतं. चार-पाच वर्षांतली उत्तरं ओळीनं वाचा. प्रत्येक उत्तरात स्टेज बदलत गेलेली दिसली तर प्रकल्प चालतोय. तारखा बदलल्या पण मजकूर तोच राहिला तर काय ते समजा.

तिसरं, आणि मला वाटतं हेच सगळ्यात कामाचं, शाळेच्या ऑफिसात सेक्रेटरीला फोन करा. इथे शाळेची सेक्रेटरी म्हणजे शाळेचा कणा असतो, मुख्याध्यापक वर्गात असले तरी तिला सगळं माहीत असतं. विचारा की किती वर्ग प्रीफॅबमध्ये आहेत, हॉल आहे का, नसेल तर पी.ई. कुठे घेता, सपोर्टच्या मुलांना वेगळी खोली आहे का, प्रीफॅबची परवानगी कधी संपतेय आणि संपल्यावर शाळा दुसऱ्या जागी हलवायचा विचार आहे का. हा शेवटचा प्रश्न घर भाड्यानं घेणाऱ्यानं विचारायलाच हवा, कारण कायमची जागा कधीकधी आत्ताच्या जागेपासून दोन-तीन किलोमीटरवर असते, म्हणजे इमारत आली तर ती तुमच्या रस्त्याच्या टोकाला येईलच असंही नाही. एजंटला हे माहीत नसतं किंवा तो सांगत नाही.

प्रवेशाचं वेळापत्रक तुमच्या बाबतीत थोडं अवघड आहे. पुढच्या सप्टेंबरसाठीचे अर्ज शाळा आधीच्या वर्षीच्या १ ऑक्टोबरच्या आधी घेऊ शकत नाहीत असा २०१८ चा कायदा आहे, आणि बऱ्याच शाळा नंतर थोड्याच आठवड्यांत खिडकी बंद करतात. तुम्ही जूनमध्ये आलात तर उशिराच्या यादीत जाल. पण भारतात बसूनही अर्ज करता येतो का ते शाळेला विचारा, काही शाळा पत्ता नंतर दिला तरी चालतो म्हणतात, काहींना जन्मदाखला आणि पत्त्याचा पुरावा सुरुवातीलाच लागतो. प्रत्येक शाळेचं प्रवेशधोरण वेबसाइटवर असतं, ते नीट वाचा, भावंडं आधी, मग बहुतेक ठिकाणी ज्या मुलांना वयानुसार आयरिश बोलता येते त्यांना प्राधान्य, कायद्यानं गेलस्कलना तशी मुभा आहे. आपली मुलं त्या गटात बसत नाहीत पण घाबरू नका, उरलेल्या जागा बऱ्याच असतात, आणि प्रीफॅबमधल्या शाळेत तर आयत्या वेळी जागा निघतेच कारण काही पालक इमारतीकडे बघून मागे फिरतात.

सप्टेंबरमध्ये जागा नाहीच मिळाली तर तिला नीअनरामध्ये घाला, म्हणजे आयरिश माध्यमाची बालवाडी. सरकारच्या ईसीसीई योजनेत दिवसाचे तीन तास फुकट असतात आणि त्या वर्षाच्या शेवटी, ३० जूनला, मूल साडेपाच वर्षांपेक्षा मोठं नसेल तरच त्याला त्यात बसवता येतं, तिचा वाढदिवस कधी आहे ते धरून हिशेब करा. बऱ्याच नीअनरा गेलस्कलच्या आवारातच असतात, शिक्षक ओळखीचे होतात, भाषा कानावर पडते. इथे शाळा सक्तीची सहाव्या वर्षापासून आहे त्यामुळे पाच वर्षांची मुलगी शाळेत नाही म्हणून कोणी विचारणार नाही.

खर्चाचं पटकन सांगते. फी नाही. २०२३ पासून प्राथमिकला पुस्तकं-वह्या फुकट आहेत. गरम जेवणाची योजना आता बहुतेक शाळांत आहे, शाकाहारी पर्याय असतो, आमच्या मुलांना त्यातला पास्ता आवडतो. शाळा वर्षाला ऐच्छिक वर्गणी मागते, ऐच्छिक म्हणजे खरंच ऐच्छिक, जमेल ते द्या, पण शक्य असेल तर द्या कारण इमारत नसलेल्या शाळेचे खर्च जास्त असतात, क्लबच्या हॉलचं भाडं, बस करून स्विमिंगला नेणं वगैरे. आणि लहान वर्ग दीड वाजताच सुटतात. दोघंही नोकरी करणार असाल तर दीडनंतर मुलगी कुठे हे आधी ठरवा, प्रीफॅबच्या शाळेत आफ्टर-स्कूलला जागा नसते, बाहेरचं क्रेश म्हणजे पाळणाघर शोधावं लागतं आणि त्याची रांग शाळेपेक्षा मोठी आहे. घराची निवड खरं तर याच्यावरून करा.

लुकन, ॲडम्सटाउन, ब्लँचर्ड्सटाउन, सिटीवेस्ट या सगळ्या भागांत मराठी घरं भरपूर आहेत, गेलस्कलही आहेत, त्यामुळे एकाच घराला चिकटून राहू नका. पहिलं वर्षभर साधं भाड्याचं घर घ्या, करार संपेपर्यंत दोन-तीन गेलस्कल आतून बघून घ्या, मार्चमध्ये १ ते १७ तारखेला आयरिश भाषेचे दिवस असतात तेव्हा शाळांचे कार्यक्रम बघायला मिळतात. घराची लिंक आणि शाळेचा रोल नंबर मिळाला की इथे लिहा, यादीत ती कुठल्या स्टेजला आहे आणि संसदेत शेवटचं उत्तर काय आलंय ते मी बघून सांगते. आणि मुलीचा जन्मदाखला इंग्रजीत, अपोस्टिल करून घ्या, लसीकरणाचं कार्डही सोबत ठेवा, ते निघायच्या आधी जितकं लवकर होईल तितकं बरं.